सत्त्याऐंशीवं पान

"ब्लेडनं कापलंय हे," मी म्हणाले. "फाटलेलं नाही, शिवण सुटून गळालेलंही नाही. कोणीतरी निवांत बसून ब्लेड फिरवलंय."

पास्कोल सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. शहाऐंशीव्या पानानंतर एकदम एकोणनव्वद. मध्ये शिवणीला लागून कागदाची नखाएवढी पट्टी उरली होती, सरळ रेषेत कापलेली.

"माझ्या घरी कोण कापणार?" सर म्हणाले. "पोरांपैकी कोणाचं काम असेल."

"पोरं चित्रं कापतात, सर. भाषणं कापत नाहीत."

हे एक्याण्णव सालचं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि वसईत रेळ्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासत असे. पास्कोल सर आमच्या खारभाट गावच्या शाळेचे हेडमास्तर. फादर इझिदोर फुर्ट्याडो वारले त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्या रेडिओवरच्या भाषणांचं पुस्तक पुन्हा छापायचं असं गावात ठरलं होतं. सर त्या समितीचे प्रमुख होते आणि त्यांनी काम रेळेकाकांकडे, म्हणजे पर्यायानं माझ्याकडे दिलं होतं.

फादर इझिदोर आमच्या पिढीचे देव होते म्हटलं तरी चालेल. त्रेसष्ट-चौसष्ट साली दर गुरुवारी संध्याकाळी ते रेडिओवर बोलत. गावातली दारू, लग्नातला भपका, देवळातसुद्धा, म्हणजे चर्चमध्येसुद्धा, पाळली जाणारी जातपात, बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजवून जमिनी विकणारे जमीनदार भाटकार, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. तक्रारी गेल्या, भाषणं बंद झाली. मग त्यांतल्या सोळा भाषणांचं हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक निघालं, 'ऐका शेजाऱ्यांनो'. पाचशे प्रती. दोन महिन्यांत वरून आदेश आला, विक्री थांबली. उरलेल्या प्रती गोणपाटात भरून कुठे नेल्या ते कोणाला कळलं नाही. फादरांचीही बदली झाली. तेव्हापासून ते पुस्तक ज्याच्याकडे आहे त्यानं जपून ठेवायचं आणि ज्याच्याकडे नाही त्यानं शोधत फिरायचं, असं झालं. मुंबईचे जुन्या पुस्तकांचे शौकीन त्यासाठी वसईच्या फेऱ्या मारत.

आमच्या घरी ते नव्हतं. घरी रेडिओही नव्हता, माझ्या आईला, आयला, आवाज सोसत नसे. पुस्तक मी पंधराव्या वर्षी मैत्रिणीकडून आणून, दप्तरात लपवून वाचलं होतं. तेव्हाही मधलं एक पान नव्हतं, पण त्या वयात कोण मोजतं!

सरांनी दुसरी प्रत आणली, शेजारच्या डाबऱ्यांची. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी गायब. देवळाच्या वाचनालयातली आणली, तीही तशीच. मग मी स्वतः सायकल काढली आणि खारभाटातली घरं पालथी घातली. एकोणीस प्रती पाहिल्या. एकोणिसांतही तेच पान नव्हतं.

माझं डोकं सटकलं. अकरावं भाषण होतं ते, नाव 'राखण'. शहाऐंशीवं पान संपतं ते असं: 'आता मी तुम्हांला एका बावखलाकाठी घडलेली गोष्ट...' आणि एकोणनव्वदावं सुरू होतं: 'म्हणून, मायबहिणींनो, जागे राहा.' बावखल म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं? बावखलं कोणी बुजवली हे गावाला ठाऊक होतं. फादरांनी त्या पानावर नावं घेतली असणार आणि भाटकारांनी माणसं पाठवून घराघरांतून पान कापून नेलं असणार. माझी खात्रीच झाली. एका साप्ताहिकात मी दोन रकाने लिहून काढले, 'कापलेलं पान'. काय काय लिहिलं होतं त्यात! 'ज्या हातानं हे पान कापलं त्या हाताला लाज कशी वाटली नाही,' असं एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं. आयलाही मी ते वाचून दाखवलं.

आय ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. बाबा गेल्यापासून फुलांवरच आमचं घर चालत असे. "बरं लिवलंस," एवढंच ती म्हणाली आणि टोपली घेऊन आत गेली.

त्या लेखामुळे पुस्तकाचा बोलबाला झाला. पत्रं आली. ठाण्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्यानं कळवलं की त्याच्याकडे एक प्रत आहे, पानं पूर्ण. ती वसईत विकली गेलेलीच नव्हती, कुठल्याशा मठातल्या सिस्टरच्या सामानातून आली होती. मी माझ्याकडचे जुने दिवाळी अंक, सगळेच्या सगळे, पोत्यात घालून त्याला दिले आणि ती प्रत उचलली.

परतीच्या एस्टीत पान वाचलं आणि थोडी हिरमुसले. भाटकार नव्हते, नावं नव्हती. एका मुलीची गोष्ट होती. धाकट्या भावाला बावखलाच्या काठी बसवून ती कुंपणापाशी एका मुलाशी बोलत उभी राहिली. चार वर्षांचं पोर पाण्यात गेलं. घरी तिनं सांगितलं, मी कळ्या खुडत होते. गोष्ट मात्र अशी सांगितली होती की माझे डोळे भरून आले. शेजारचा प्रवासी विचारू लागला, बाई, काही वाईट बातमी आहे का.

पान मी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं कच्चं मुद्रित हातात आलं ते घेऊन घरी गेले. आय ओट्यावरच होती. पुढ्यात केळीच्या पानावर फुलं, हातात अर्धं ब्लेड. देठ कापायला ती कायम तेच वापरायची, एका बाजूला चिंधी गुंडाळलेलं.

"आय, सापडलं पान!" मी म्हणाले. "ऐक. तुला आवडेल."

आणि मी वाचू लागले. चांगले हावभाव करून. "'त्या पोरीच्या एका हातात भावाचं बोट होतं आणि दुसऱ्या हातात फुलांची परडी. कुंपणापलीकडून कोणीतरी शीळ घातली. तिनं बोट सोडलं...'"

"'परडी मात्र सोडली नाही,'" आय म्हणाली.

मी मुद्रितात पाहिलं. पुढचं वाक्य तेच होतं.

"तुला कसं ठाऊक?"

तिनं ब्लेड केळीच्या पानावर ठेवलं. "वाच पुढं. शेवटपर्यंत वाच. मी त्याच्यानंतर ऐकलं नाय कधी. कापलं, पण वाचलं नाय."

मला काही समजेना. कापलं? कोणी? मी वाचत गेले, आवाज आपोआप उतरत गेला. शेवटचं वाक्य होतं, 'त्या आईनं लेकीला विचारलं, तू कुठे होतीस? आणि लेक खोटं बोलली.' तिथं मी थांबले.

"पुढचं?" आयनं विचारलं.

"संपलं की. पुढे 'जागे राहा' आहे."

"नाय संपलं," आय म्हणाली. "बस इथं."

मला मामा होता आणि तो लहानपणी तापानं गेला, एवढंच मला सांगितलेलं होतं. त्याचं नाव बस्त्याव. बासष्ट सालच्या मे महिन्यात तो तापानं नाही, आमच्याच भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, बावखलात गेला. आय तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

"ते आईला नाय सांगवलं मला," ती म्हणाली. "आतल्या आत कुजत होते. मग फादर इझिदोरकडे गेले, कन्फेशनला. जाळीच्या अलीकडून सगळं सांगितलं. रडून रडून सांगितलं. त्यानं प्रायश्चित्त दिलं, क्षमा दिली. घरी येऊन दोन दिवस झोपले, इतकं हलकं वाटलं. आणि वर्षानं एका गुरुवारी रेडिओवर..."

"कन्फेशनमधलं?" मी किंचाळलेच. "कन्फेशनमधलं त्यांनी रेडिओवर सांगितलं?"

"गावात रेडिओ एकच, सोसायटीच्या ओट्यावर. सगळे जमायचे. आई माझ्या शेजारीच बसलेली चटई टाकून. नाव नाय घेतलं त्यानं. पण बावखल, मोगरा, चार वर्षांचा पोर, लाल टोपी... खारभाटात असे किती पोर बुडाले होते? मी आईकडं बघितलं नाय. ती उठली, चटई गुंडाळली, घरी गेली. त्याच्यानंतर नऊ वर्षं जगली. माझ्या हातचं पाणी घेतलं नाय."

दुधात मीठ पडावं तसं झालं माझं. दहा वर्षं ज्यांचं पुस्तक मी मनाशी धरलं ते हे फादर! जाळीआडचं बोलणं पाद्र्यानं जीव गेला तरी बाहेर काढायचं नाही, हे आम्हाला सहाव्या वर्षी शिकवतात. आय देवळातली एक मिस्सा चुकवत नसे, पण कन्फेशनच्या रांगेत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिला त्यावरून चिडवायचेसुद्धा, "तुझी पापंच नाहीत वाटतं?"

"तू गेली नाहीस त्यांच्याकडे? विचारलं नाहीस?"

"गेले ना. म्हटलं, फादर, ते माझं होतं. तर म्हणाला, तुझं नाव घेतलं का मी? तुझ्या दुःखातून हजार घरं जागी झाली, देवाचे आभार मान."

"आणि तो मुलगा? कुंपणापलीकडचा?"

"तुझा बाप. दुसरा कोण?" आय म्हणाली. "लग्न ठरत होतं आमचं. चार शब्द बोललो असू."

पुस्तक निघालं तेव्हा तिचं लग्न झालं होतं. पुस्तक घराघरांत गेलं, आल्ताराखालच्या, म्हणजे घरातल्या वेदीखालच्या, फळीवर प्रार्थनेच्या वह्यांशेजारी जाऊन बसलं. ऑक्टोबरात आमच्याकडे पवित्र मायेची, म्हणजे देवमातेची, मूर्ती घरोघर फिरते. एका घरी संध्याकाळची माळेची प्रार्थना झाली की दुसऱ्या दिवशी मूर्ती लाकडी पेटीत घालून पुढच्या घरी. मूर्ती नेण्याचं आणि दुपारी जाऊन आल्तार फुलांनी सजवण्याचं काम आयकडे होतं. घरची माणसं शेतात, वाडीत. ती एकटी, समोर पुस्तक, हातात फुलांचं ब्लेड.

"सात घरांत कापलं मी," ती म्हणाली. "आठव्या घरी पुस्तक उघडलं तर पान आधीच नव्हतं. नवव्या घरी पण नाय. मंग एक दिवस मूर्ती काढायला पेटी उघडली, तर मखमलीखाली घडी घातलेलं पान. दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन. बायकांनी आपणच कापून ठेवलेली. कोणी ठेवलं, मी विचारलं नाय. त्यांनी पण कधी विषय काढला नाय. सव्वीस वर्षं झाली."

पुऱ्या गावातल्या बायकांनी मिळून जे झाकलं होतं ते मी पोतंभर दिवाळी अंक देऊन ठाण्याहून उघडं करून आणलं होतं. वर त्या हातांची लाज काढणारा लेख लिहून. आणि तो तिलाच वाचून दाखवला होता! आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

"मी आत्ता जाते," मी उठले. "रेळेकाकांना सांगून ते पान मोडून टाकते. खिळा न् खिळा सोडवते."

"गपचूप नाय काय करायचं," आय म्हणाली. "गपचूप मी लय केलं. उद्या मला पास्कोलकडं ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आय तिच्या ठेवणीतल्या लाल लुगड्यात माझ्याबरोबर छापखान्यात आली. पास्कोल सर मुखपृष्ठ पसंत करायला आलेच होते. रेळेकाकांनी खुर्ची पुढे केली तर ती कागदाच्या गठ्ठ्यावरच बसली.

तिला बोलायला वेळ लागेल म्हणून मीच सुरुवात केली, आणि काय बोलले ते आवाज चढवून बोलले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, हे मला तेव्हाच खटकलं.

"इमेल्डा, राग समजतो मी तुझा," ते म्हणाले. "पण त्यात कोणाचं नाव आहे का? फादरांचं ते सर्वांत उत्तम भाषण. लोक ढसाढसा रडले होते. तो आता इतिहास आहे, आणि इतिहास असा ब्लेडनं कापता येत नाही. हे तूच लिहिलंस ना? तुझ्याच लेखामुळे लोक त्या पानाची वाट बघतायत."

"कन्फेशनमधलं आहे ते, सर!"

"याला पुरावा काय?"

मी तोंड उघडलं, पण आयनं माझ्या हातावर हात ठेवला.

"छाप तू, पास्कोल," ती म्हणाली. "इतिहास हाय तर छाप. पण सगळा छाप. ते अर्धं हाय. मी जाळीपाशी जे सांगितलं त्यातलं अर्धंच त्यानं रेडिओवर सांगितलं. उरलेलं मी सांगते, ते त्याच्याखाली घाल. इमू, लिव."

मी मुद्रिताचा कागद उलटा केला आणि लिहू लागले. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर आहे ते असं:

'त्या दिवशी मी बस्त्यावला घरीच ठेवला होता. फादरांचा निरोप आला की मोठे पाहुणे येणार आहेत, वेदीसाठी फुलं आत्ताच्या आत्ता पाहिजेत. मी म्हटलं, आई बाजाराला गेली, घरी पोर आहे, ती आली की आणते. निरोप्या परत गेला आणि पुन्हा आला. म्हणाला, फादर रागावलेत, देवाचं काम थांबवू नको, पोराला बरोबर घे. म्हणून मी त्याला बावखलाकाठी नेला. मोगरा तिथंच होता. दोन परड्या भरल्या. मध्ये चार शब्द बोलले, ते खरं आहे. वळून पाहिलं तर पोर नव्हता. मी उडी मारली. मला पोहता येत नव्हतं. मलाही दुसऱ्यांनी काढलं. आईला मी सांगितलं, कळ्या खुडत होते. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. हे सगळं मी फादरांना जाळीपाशी सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत.'

मी लिहिणं थांबवलं.

"हे... हे असं कसं छापणार?" सर म्हणाले. "पुण्यतिथीला? फादरांची बदनामी होईल, नातालिनबाय. लोक काय म्हणतील? आणि तुम्ही सांगता म्हणून..."

"अर्धं छापलं की इतिहास आणि पुरं छापलं की बदनामी?" मी ओरडले.

"पुरावा विचारलास ना, पास्कोल?" आय म्हणाली. ती मुळीच ओरडली नाही. "निरोप घेऊन कोण आला होता? सायकलवरून? एकदा आला, परत गेला, पुन्हा आला. सांग ना इमूला."

छपाईयंत्र बंद होतं. रेळेकाका उगाच एका खिळ्यावरची शाई पुसत राहिले. पास्कोल सरांनी चष्मा काढला आणि ते रुमालानं पुसू लागले, चष्मा नव्हे, डोळे. त्या गुरुवारी सोसायटीच्या ओट्यावर तेही बसले होते. अर्धं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांना कळलेलं होतं, आणि तरी त्यांना ते पान छापायचं होतं. सर्वांत उत्तम भाषण म्हणून!

"मी बावीस वर्षांचा होतो," ते शेवटी म्हणाले. "फादरांनी पाठवलं, मी आलो."

"तुला मी कधी बोल लावला नाय," आय म्हणाली. "पण पुरावा मागू नको."

मग त्यांनी रेळेकाकांना हळूच सांगितलं, ते पान सोडून टाका. मी म्हणाले, सोडू नका, दोन्ही छापा, खालीवर छापा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. समितीचं पुस्तक, समितीचा निर्णय. फादरांच्या कीर्तीला धक्का लागण्यापेक्षा पानच नसलेलं बरं. पुस्तक वेळेवर निघालं. त्यात अकराव्या भाषणात कंसात एक ओळ आहे: 'मूळ प्रतीतील दोन पृष्ठे उपलब्ध नाहीत.' ती ओळ धडधडीत खोटी आहे, आणि तिचं मुद्रित मीच तपासलं. पगार घेऊन. त्या दिवशी नोकरी सोडायला हवी होती, ती मी पुढल्या वर्षी सोडली.

घरी परतताना मी आयवरच चिडले. "सव्वीस वर्षं तू पानं कापत बसलीस! तेव्हाच का नाही बोललीस सगळ्यांसमोर?"

आय चालत राहिली. आमच्या भाटाच्या वळणावर, जिथं पूर्वी बावखल होतं आणि आता इमारतीचा पाया खणलेला होता, तिथं ती थांबली.

"मी पान मागनं कापलं गो," ती म्हणाली. "आधी त्यानं कापलं."

आय जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं सांगितलेलं मी तेव्हा कुठेच छापलं नाही, तिचीच इच्छा नव्हती. "माझ्या आईला ऐकवायचं होतं, ती गेली," असं म्हणायची. आता ऐकायचं कोणी राहिलेलं नाही, तर निदान वाचायला तरी कोणी असू दे.

ठाण्याहून आणलेली प्रत माझ्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून एका संग्राहकाचा फोन आला. आवाज तरुण, अतिशय अदबशीर. त्याला सगळं ठाऊक होतं, हिरवी बांधणी, पाचशे प्रती, वरचा आदेश. म्हणाला, तुम्ही म्हणाल ते द्यायला तयार आहे, फक्त एक खात्री हवी. सत्त्याऐंशीवं पान आहे ना?

"आहे," मी म्हणाले. "पण अर्धंच आहे."